झटका मला आला होता

हिंगणी
१९ जानेवारी २०२५

प्रिय पौर्णिमा,

तुला आशीर्वाद, आणि नालवाडीला तुझ्या आई-बाबांना माझा नमस्कार सांग. इकडे ठीक आहे. तुरीची गंजी लागली. हरभऱ्याला घाटे धरलेत, पण धुऱ्याकडचा बराचसा रोह्यांच्या कळपानेच खाल्ला. सासूबाईंचे गुडघे थंडीने धरलेत. काजलला अंगणवाडीत नाचात घेतलं आहे.

तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. मीही उचलला नसता. आणि या घरात फोनवर बोलायचं म्हटलं तर भिंतीपेक्षा कानच जास्त. म्हणून आदेशभाऊजींच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. वाचून फाडलीस तरी चालेल, पण वाच.

आधी माझी तब्येत. ऑक्टोबरनंतर एकही झटका आला नाही. गेल्या आठवड्यात सावंगीच्या दवाखान्यात जाऊन पुन्हा डोक्याचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. आधीच्यात मेंदूत एक गोल पिशवी, आत पांढरा ठिपका आणि भोवती ढगासारखी सूज. आताच्यात सूज ओसरलेली, पिशवी आक्रसलेली. मी विचारलं, हा जंत डोक्यात किती दिवस होता? त्या म्हणाल्या, काही वर्षंसुद्धा असेल. जिवंत असतो तोवर तो लपून राहतो, शरीराला त्याचा पत्ता लागू देत नाही. तो मरायला लागला की शरीराला कळतं, शरीर त्याच्याशी भांडायला उठतं, आणि त्या भांडणानेच मेंदूला सूज येते. झटके त्या सुजेचे. म्हणून तर आधी सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या आणि मग जंताच्या.

त्या गोळ्यांनी माझं तोंड कसं सुजलं होतं, तू पाहिलंस. त्यांनी चिडचिडही होते असं मॅडम म्हणाल्या. मी तेवढंच तुला लिहून मोकळी झाले असते. गोळ्यांमुळे बोलले, माफ कर. पण ते शब्द गोळ्यांचे नव्हते, माझे होते. आधीपासून होते.

गणपतीतला तो दिवस तुला आठवतच असेल. मला आठवत नाही, मी ऐकलेलाच आहे. अंगणात भांडी घासता घासता मी पडले. सासूबाई माझ्या नाकाशी चप्पल धरायला धावल्या, शेजारची कोणी दातांत चमचा घालायला आली. तू सगळ्यांना बाजूला सारलंस, मला कुशीवर केलंस, डोक्याखाली ओढणी घातलीस, आणि भाऊजींना गाडी काढायला लावली. दवाखान्यातून आले तर जो येई तो तेच सांगे. गल्लीतल्या बंडूजींच्या घरच्या काकू तर माझ्याच खाटेवर बसून म्हणाल्या, "धाकटी होती म्हणून वाचली तू. तिचं डोकं पाह्य कसं चालते." झटका मला आला होता पौर्णिमा, आणि कौतुक तुझं चाललं होतं. मला त्या बाईला उठवून लावावंसं वाटलं.

मग मॅडमनी सांगितलं, चुलीजवळ जायचं नाही, गॅसजवळ नाही, विहिरीवर नाही, पोरीला एकटीने आंघोळ घालायची नाही. माझ्या हातातली एकेक गोष्ट निघाली आणि ती सगळी तुझ्या हातात गेली. तू बौद्धांच्या घरची म्हणून लग्नानंतर वर्षभर सासूबाईंनी तुला माठाला हात लावू दिला नव्हता. त्याच तुझ्या हातची भाकर मागून घ्यायला लागल्या. "पौर्णिमा, आज भरीत कर वं." माठाच्या वेळी मी गप्प होते. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटत होतं. घरात माझ्याखाली कोणीतरी होतं.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. काजलचं गिळता आलं नाही.

मी पडले तेव्हा ती ओट्यावर बसून बघत होती. तेव्हापासून ती माझ्याजवळ झोपायला भिते. एकदा मी तिला जवळ ओढलं तर म्हणाली, "आई, तू झोपली का मंग डोये फिरवते. मी काकूजवळ झोपतो." तू तिला समजावलंस, माझ्याकडे आणून सोडलंस, हे मी पाहिलं. पण ती मागे वळून तुझ्याकडे कशी बघत होती, तेही पाहिलं. सकाळी तुम्ही दोघी वेण्या घालत हसायच्या, आणि मी खाटेवर पडून ते ऐकायची.

म्हणून मॅडम जेव्हा म्हणाल्या की घरात कोणाच्या तरी पोटात मोठा जंत असणार, त्याची अंडी हाताला लागून अन्नातून माझ्या पोटात गेली असतील, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आलं. मला ते नाव निघायलाच हवं होतं. मॅडम म्हणाल्या, पोटातला मोठा जंत अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून येतो, आणि मला तर धागाच मिळाला.

त्या संध्याकाळी मी काय बोलले ते मला कागदावर लिहिणं जड जातं आहे, पण तू ऐकलंस तर मी लिहायला हवं. "आमच्या घरात असं कधी नव्हतं. तुह्या माहेरी काय काय खातेत ते सारं गाव जाणते. तुह्या हातानंच हे माह्या डोक्यात गेलं. माह्या पोरीले हात लावू नको."

तू रडली नाहीस. "ताई, सगळ्यायचं तपासून राह्यले, माहंही तपासू द्या," एवढंच म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तपासणीला दिलंस आणि तिथूनच नालवाडीला गेलीस.

दिवाळीनंतर रिपोर्ट आले. भाऊजींना यांनी सांगितलं, सगळ्यांचे साफ आहेत. तसं नव्हतं. तुझा साफ होता, काजलचा साफ, सासूबाईंचा, भाऊजींचा, माझा. तुझ्या भासऱ्यांचा, काजलच्या बाबांचा, नव्हता. बोर धरणाकडे दोस्तांबरोबर पार्ट्या व्हायच्या, तिथे विस्तवावर भाजून खाल्लेलं असायचं. मला म्हणाले, "कधीमधी खाल्लं. आता बोभाटा नको करू. मी औषध घेतलं, मिटलं." आणि दर रविवारी परातभर कच्चा चिवडा त्यांच्याच हाताने कालवलेला असायचा. तू खायचीस, काजल खायची, मी सगळ्यांत जास्त खायची.

हे मला दिवाळीनंतर लगेच कळलं होतं, पौर्णिमा. आता संक्रांत झाली. मी गप्प राहिले ती यांच्या अब्रूसाठी नाही. तू घरात नव्हतीस, म्हणून. मला वाटलं, आता काजल माझ्याकडे येईल. ती सासूबाईंजवळ जाऊन झोपली.

शुक्रवारी आपल्याकडे हळदीकुंकू होतं. ओसरी बायांनी भरलेली. कोणीतरी विचारलं, "धाकटी नाई दिसून राह्यली?" सासूबाई तिळगूळ वाटता वाटता म्हणाल्या, "तिचं नाव नका काढू. तिच्यापायीच रूपालीच्या डोक्यात जंत गेला."

बायांनी माना हलवल्या. त्या इतक्या सहज हलल्या, की मला माझाच आवाज पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. मी हळदीची वाटी खाली ठेवली. म्हटलं, "पौर्णिमाच्या पोटात काही नाई निघालं. ह्यायच्या पोटात निघालं. पोरीच्या बापाले काऊन नाई बोलत तुम्ही? मी तिले खोटाच बोल लावला."

यांचं नाव आलं आणि ज्या तोंडांनी तुला नावं ठेवली ती सगळी तिळगुळात गुंतली. सासूबाई उठून आत गेल्या. हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट पुढे सरकवलं की जेवतात. सासूबाई मात्र काल हळूच म्हणाल्या, "भरीत तिच्यासारखं नाई जमत तुले." त्याचा अर्थ काय घ्यायचा ते तू ठरव.

तू परत ये असं मी लिहीत नाही. भाऊजी वर्ध्यालाच खोली बघताहेत, हे मला माहीत आहे. तुमची वेगळी चूल मांडायची असेल तर मांडा, मी आडवी येणार नाही.

काजलचं मात्र मागते. पुढच्या रविवारी भाऊजी तिला नालवाडीला आणतील, सोबत मी येईन. ती तुझ्याकडे धावत येईल. मी फाटकाबाहेर थांबेन. मला ते अजूनही बघवणार नाही, उगाच मोठेपणा कशाला घेऊ? पण तू तिला दिवसभर ठेवून घे, हवं तर दोन दिवस ठेव. आणि झोपायच्या वेळी तिला एवढं सांग, की आईचे डोळे आता फिरत नाहीत. मी सांगून पाहिलं. ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही, तुझ्यावर ठेवते.

तिला सोमवारी पाठव, मंगळवारी पाठव. पण पाठव.

काजलची आई,
रूपाली