दुसरा ब्रेक

प्रिय आई,

मावशीकडे तुझे गुडघे कसे आहेत हे मी फोनवर विचारतेच, म्हणून इथे विचारत नाही. आज जे लिहितेय ते फोनवर तोंडातून निघत नाही. मी रुग्णवाहिकेवर चालक म्हणून अर्ज केलाय. हसू नकोस. बाबा असते तर म्हणाले असते, आता पेशंट भीतीनेच उठून बसतील. त्या अर्जाला वाहन चालवण्याची जुनी नोंद जोडावी लागते, म्हणून परवाना कार्यालयात गेले होते. माझ्या पुढच्या माणसाने कधीतरी सिग्नल तोडला होता आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. खिडकीतल्या बाई त्याला म्हणाल्या, "अहो, तीन वर्षांनी पुसलं जातं ते. जन्मभर कोण धरून बसतंय?" मग माझी नोंद काढून म्हणाल्या, "तुमची तर कोरी आहे हो, एक डाग नाही." मला तिथेच रडू आलं. बाई बिचाऱ्या गोंधळून गेल्या.

त्या सकाळबद्दल आपण कधी बोललोच नाही. सुट्टीचा दिवस होता, रस्ते ओस पडले होते. तुझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून तुझी ड्रायव्हिंगच्या शिकवणीची गाडी मी काढली. परवाना मिळून जेमतेम महिना झाला होता. तू शेजारी आणि तुझ्या पायाशी तो दुसरा ब्रेक, शिकाऊ माणसाने घोळ घातला तर तू दाबायचीस तो. बाबा मागच्या सीटवर आडवे, छातीवर हात. तरी म्हणत होते, "हळू घ्या गं, मी काही पळून चाललो नाही." दवाखान्याअलीकडच्या चौकात लाल दिवा लागला. चौकात चिटपाखरू नव्हतं. मी जाणारच होते. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. आणि ब्रेक खाली गेला. आपण दोघी त्या दिव्याकडे बघत बसलो. तो हिरवा झाला तेव्हा मागून बाबांचा आवाज येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. थोडं म्हणजे किती, हे ना तू विचारलंस ना मी.

मग तू शिकवणी बंद केलीस, गाडी माझ्याकडे टाकून मावशीकडे गेलीस. कुणाच्याच गाडीत बसत नाहीस, बाजारातसुद्धा पायी जातेस. ब्रेक तूच दाबलास असं तू मनाशी धरलंयस, मला ठाऊक आहे. आणि आई, मीही तेच धरून चालले होते. राग नव्हता गं. पण गाडीत एकटी असले की शेजारच्या सीटकडे बघवत नसे. तो ब्रेक आपोआप हलेल असं वाटायचं. शेवटी परवा गॅरेजवाल्या काकांकडून तो काढून घेतला. त्यांनी तिथे पत्रा ठोकून दिला.

आणि काल सकाळी मी त्या चौकात गेले, मुद्दाम सिग्नल तोडायला. तिथे आता कॅमेरा आहे. माझ्या नावावर तो गुन्हा एकदाचा लिहिला जावा, म्हणजे तीन वर्षांनी पुसला तरी जाईल, असं डोक्यात बसलं होतं. जो केलाच नाही तो कोण पुसणार? दिवा लाल, चौक तसाच रिकामा. आरशात मागची सीट होती, मी तिकडे बघितलं नाही. ॲक्सिलरेटर दाबायला गेले आणि ब्रेक खाली गेला. अगदी त्या दिवशीसारखा, आपोआप. शेजारी कोणी नव्हतं. किती वेळाने कोण जाणे, धीर करून खाली वाकून बघितलं. ब्रेकवर माझाच पाय होता.

म्हणून हे पत्र. त्या दिवशी पाय कुणाचा होता हे मला आता सांगता येत नाही, आणि तुलाही येणार नाही. तुझा असेल, माझा असेल, दोघींचाही असेल. एकटीने तो उरावर घेऊन बसू नकोस. रविवारी मी गाडी घेऊन येतेय. सगळे सिग्नल पाळत येईन, उशीर झाला तर चिडू नकोस. माझ्या शेजारी बस, आई. तिथे आता काही नाही, तुला पाय पसरून बसता येईल.

तुझीच,
अजून शिकाऊ