मेहुण्याच्या फोटोंवरचा उजेड

४ मार्च, सोमवार
धाकट्या मेहुण्याचं पहिलं फोटोप्रदर्शन. प्रकाशयोजना माझ्याकडे! दिव्यांच्या दुकानात अकरा वर्षं काय उगाच काढली? (हिशेब लिहीत काढली, इति बायको.) गॅलरीच्या बाई म्हणाल्या, हे जमलं तर वर्षभराची सगळी प्रदर्शनं तुमचीच. म्हणजे सासरे 'सध्या काय करता?' विचारायचे थांबतील. संकल्प : आजपासून चष्मा बंद. चष्म्यात मी हिशेबनीस दिसतो.

६ मार्च
फोटो आले. मेहुण्याने एकेक समजावला. सगळे रात्रीचे. बंद गोदामं, रिकामे फलाट, अंधाऱ्या गल्ल्या. पोराने चार वर्षं झोपेचं खोबरं करून काढलेत. वर चकचकीत काच. इतका काळोख कोण बघणार? उपाय एकच, उजेड. भरपूर.

९ मार्च
आयडिया सुचली. अंघोळ करताना. वरून दिवा सोडणं कुणालाही जमतं. मी प्रत्येक फोटोच्या चौकटीला चारी बाजूंनी बल्ब लावणार, तोंडं बाहेर. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावरही कला पसरली पाहिजे.

बायको म्हणाली, छतावरचे दिवे तिरके करा, भागेल. तिला म्हटलं, यात फिजिक्स असतं. ती म्हणाली, म्हणूनच सांगतेय.

१४ मार्च
शंभरेक बल्ब लागले. फ्यूज दोनदा उडाला. मोठ्या कामाला विघ्नं यायचीच.

१५ मार्च, उद्घाटन
जिंकलो! फोटोसमोरून माणूस हलेना. एक बाई गोदामासमोर इतक्या हेलावल्या की डोळे पुसले. (काजळ नीट करत होत्या, इति बायको. तिला कलेत गम्य नाही.) एका गृहस्थांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मग मिशीवरून बोट फिरवलं. याला म्हणतात रसिक.

मलाही एक फोटो फार आवडला. पाच नंबरचा. मध्यमवयीन माणूस, विचारी चेहरा, कपाळावर तेज. मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली, म्हटलं, पाच नंबर म्हणजे मास्टरपीस! तो म्हणाला, दाजी, पाच नंबरमध्ये माणूस नाहीये. रिकामा फलाट आहे.

१६ मार्च
चष्मा लावून गेलो. फलाट दिसेचना. मीच दिसत होतो, एकूण एक चौकटीत. तेज नव्हतं, टक्कल होतं.

फार वाईट वाटलं. पोरगं चार वर्षं रात्रीचं वणवण फिरलं आणि लोक आपापले भांग बघून गेले. एकही फोटो विकला गेला नाही. तो मला एका शब्दाने बोलला नाही. उलट चहा आणून दिला. चार शिव्या घातल्या असत्या तर चहा गोड लागला असता.

अर्थात, दोष काचेचा आहे.

१७ मार्च
गॅलरीच्या बाईंच्या हुकमावरून माझे बल्ब उतरवले. छतावरचे दिवे तिरके केले. शिडीवर बायको, शिडी धरायला मी. दुपारच्या आत काम फत्ते.

आणि फोटो दिसले की! फलाटावर कुणाची तरी एकच चप्पल राहिलीय. किती वेळ बघत उभा होतो. मेहुण्याला म्हटलं, अरे, तू तर खरंच चांगला फोटोग्राफर आहेस. तो लाजला. वेडा कुठला.

१९ मार्च
सात फोटो विकले गेले. मेहुणा हवेत. सासरे स्वतः येऊन गेले, लेकाकडे आणि लेकीकडे कौतुकाने बघत राहिले. बाईंनी वर्षभराचं काम दिलं. बायकोला.

माझंच मार्गदर्शन म्हणायचं.

२२ मार्च
शेवटी पारखी माणूस भेटलंच! उद्घाटनाच्या दिवशी हेलावलेल्या त्या बाई मला शोधत आल्या. बाकीच्या गर्दीला ढुंकून विचारलं नाही, थेट माझ्याकडे. म्हणाल्या, तुमच्या उजेडाला तोड नाही. काच, चौकटी, बल्ब, सगळा सेट जसाच्या तसा हवा. त्यांचं ब्यूटी पार्लर आहे.

फोटो मात्र काढून द्या म्हणाल्या. मध्ये मध्ये येतात.