घड्या उलगडताना

२ फेब्रुवारी, स्फॅक्स
आले एकदाची! घरून, कैरुआनहून आणलेला खजूर भरलेल्या मक्रूद वड्यांचा डबा अर्ध्या तासात फस्त. प्रयोगशाळेची झाडलोट ते चहा सगळं बघणाऱ्या मब्रूकाबाई, सगळ्यांच्या लल्ला, म्हणाल्या, कैरुआनची माणसं आधी गोड खिलवतात, मग राबवून घेतात. इथली रीत अशी, की नव्या माणसाने पहिला नमुना स्वतःच्या रक्ताचा द्यायचा. आमचे प्राध्यापक लामीन, आदराने सी लामीन, यांनी माझ्या रक्तातलं प्रथिन वेगळं काढलं आणि कुपीवर माझं नाव लिहिलं, उमैमा. अदृश्य किरण टाकले की प्रथिन आपसूक चकाकतं, वरून रंग लावावा लागत नाही. औषध चिकटलं की चकाकी बदलते आणि त्यावरून प्रथिनाच्या घड्या कशा हलल्या ते कळतं. माझं झकास चकाकलं. उगीचच अभिमान वाटला.

५ फेब्रुवारी
कुपीत नवं औषध घातलं. चकाकी निम्म्यावर आली, आलेखाचं शिखर उजवीकडे सरकलं. म्हणजे घड्या उलगडतायत. सी लामीन खूश.
दुपारी हात धुताना पाहिलं, उजव्या तळव्यावर एकही रेषा नाही. लल्ला म्हणाल्या, साबण बदल बये, आणि नशीब कोरं झालंच असेल तर चांगलंसं लिहून घे.

९ फेब्रुवारी
आज औषध घातलंच नाही, तरी शिखर सरकलं. डावा तळवाही गुळगुळीत. कोपराची घडी गेली. तेलात बुडवलेला पाव तोंडापर्यंत नेता येईना. मला भीती वाटतेय. सी लामीनना सांगितलं, तर त्यांनी आलेखाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

१३ फेब्रुवारी
गुडघे ताठ. कान सपाट होतायत — कुपीतलं औषध धुऊन काढायचंच. प्रथिन बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून चंचुपात्रातल्या पाण्यात सोडलं. औषध झिरपून जाईल, प्रथिन आत राहील.

१६ फेब्रुवारी
करंगळी वाकली! चकाकी वाढली. तळव्यावर केसाएवढी एक रेषा. अजून दोन दिवस, मग सुटले. खूप रडले.

१७ फेब्रुवारी
उद्यापासून रमजान. लल्लांनी घरासारखी प्रयोगशाळाही धुवायला काढलीय. मी आज घरीच, अंथरुणावर. घाबरून लल्लांना फोन केला — बेसिनजवळच्या पात्राला हात लावू नका. त्या म्हणाल्या, ती बुळबुळीत पिशवी होय? ना चिठ्ठी ना नाव, मघाशीच कापून बेसिनमध्ये ओतली की गं.
चिठ्ठी लावायची मीच विसरले —

कातडी सैल. पसरतेय — उशीवरून, गादीच्या कडेपर्यंत — पापण्या मिटत नाहीत —
फोन चालूच आहे. लल्ला म्हणतायत, चिकटून बसलंय मेलं, उकळतं पाणी ओतते —
नको, लल्ला, उकळतं न