मोटरसायकल सुनेच्या नावे

मी, या कागदाखाली सही करणारी, वय एकोणसत्तर, विज्ञान शाखेची पदवीधर, यंत्रकारखान्याच्या तपासणी खोलीत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी आज सकाळी लिहून दिले आहे. हृदय तेवढे ठिकाणावर नाही. येत्या गुरुवारी ते उघडून दुरुस्त करायचे आहे. झाकण काढल्याशिवाय आत काय निघेल ते सांगता येत नाही, एवढे इंजिनांनी मला शिकवले आहे, म्हणून हा कागद आजच. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. गेल्या मंगळवारी मुलाने थोडा आणून पाहिला, तो चालला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर अक्षर तपासावे.

१. राहते घर, मागे असलेल्या गाडीच्या खोलीसह, मुलगा आणि सून यांना निम्मे-निम्मे. कागदोपत्री दोघांची नावे शेजारी-शेजारी यावीत; "व पत्नी" असे लिहिलेले मला चालणार नाही. न्हाणीघरातला नळ तीन वर्षे गळतो आहे आणि मुलगा तीन वर्षे "करतो गं आई" म्हणतो आहे. घर नावावर झाले की करील, अशी आशा.

२. बँकेतल्या शिलकीतून आधी रुग्णालय, मग उरेल ते दोघांना. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

३. मोजमापाची लाकडी पेटी, आतल्या मायक्रोमीटर-व्हर्नियरसह, कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या आणि आज तपासणी खोली सांभाळणाऱ्या मुलीला. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "मॅडम, केसाएवढ्या फरकानं काय बिघडतं?" मी केसाएवढा जाड निघालेला एक तुकडा तिच्या हातात दिला आणि म्हटले, "बसवून दाखव." अर्धा तास खटपट केली, बसला नाही. नंतर तिने तो प्रश्न विचारला नाही आणि मलाही तिला कधी काही दोनदा सांगावे लागले नाही.

४. गाडीच्या खोलीतल्या भिंतीवरचे सगळे नट-बोल्टचे पाने, टायर काढायच्या पट्ट्या, चेन तोडायचे हत्यार आणि दोन्ही स्टँड गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला. इतक्या वर्षांत "साहेब नाही आले का?" असे ज्याने मला कधीही विचारले नाही, असा गाड्यांच्या धंद्यातला हा एकटाच माणूस. मी काही चुकीचे बसवले की हसायचा आणि म्हणायचा, "ताई, आता तुम्हीच उघडा, मी चहा पितो." तेवढ्यात चूक माझी मलाच सापडायची.

याउलट, जिथून आम्ही माझी मोटरसायकल घेतली त्या दुकानातल्या विक्रेत्याला काहीही नाही. अर्धा तास तो माझ्या यजमानांना इंजिन समजावत होता. यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यांना सायकलही नीट यायची नाही. शेवटी ते म्हणाले, "अहो, चालवणार ही आहे. मला फक्त धरायला कुठे आहे ते दाखवा."

५. शेजारी राहणाऱ्या निवृत्त ग्रंथपालांना काहीही देत नाही. माझ्या गाडीच्या आवाजाबद्दल त्यांनी सोसायटीला दोन लेखी तक्रारी केल्या, त्यांतल्या एकीत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. ज्याला काही मिळते त्याची साक्ष मृत्युपत्रावर चालत नाही, असे वकील सांगतात. म्हणून साक्षीला त्यांच्याइतका योग्य माणूस मला दुसरा सापडला नाही. त्यांनीही लगेच होकार दिला. "एकदाचा तो आवाज बंद होणार असेल तर कुठेही सही करतो," म्हणाले. बंद होणार नाही. पुढचे कलम वाचावे.

६. माझी मोटरसायकल, तिचे सामान, नकाशे आणि हेल्मेट सुनेला. एकटीला, कायमची, विनाअट. वकिलांनी कच्च्या मसुद्यात "पतीच्या संमतीने" असे शब्द घातले होते. ते मी खोडले आहेत आणि खोडल्याच्या जागी सही केली आहे.

मुलाला हे मान्य नाही. मंगळवारी तो म्हणाला, "आई, बाबा त्या गाडीवर गेले. आता हिलाही पाठवणार आहेस का?" त्याला उत्तर द्यायचे म्हणून हे कलम लांबते आहे.

गाडी विकत घेतल्याने प्रवासाची होत नाही. ती आपल्या अंगावर बेतावी लागते. आम्ही दोघे तेरा वर्षे हिंडलो, त्यातली पहिली दोन बेतण्यात गेली. दुकानदाराने विकलेल्या पत्र्याच्या पेट्या दिसायला झकास होत्या; पहिल्याच घसरणीत यजमानांचा पाय पेटीखाली सापडला. त्यानंतर कापडी पिशव्या, जड वस्तू तळाशी आणि पुढे. हँडल उंचावले, कारण खडीच्या वाटेवर उभे राहून चालवावे लागते आणि कंबर वाकली की तासाभरात माणूस संपतो. क्लच-ब्रेकच्या दांड्या खाली फिरवल्या, उभ्याने बोटे सरळ पोहोचावीत म्हणून. पाय ठेवायला रुंद दातेरी पट्ट्या. इंजिनाखाली जाड पत्रा. माझे पाय टेकावेत म्हणून सीटचा फोम तीन सेंटीमीटर तासला. प्रत्येक प्रवासाहून आल्यावर सामानाचे तीन ढीग करायचे: वापरलेले, न वापरलेले, आणि न वापरले तरी लागणारे. मधला ढीग पुढच्या वेळी घरी. यजमानांची रंगपेटी कायम मधल्या ढिगात निघायची आणि कायम परत पिशवीत जायची.

मागच्या चाकाच्या स्प्रिंगचा ताण बसणाऱ्याच्या वजनावर लावायचा असतो. माणसे आणि सामान चढले की गाडी मागून सहा सेंटीमीटर दबली पाहिजे. आमचे दोघांचे माप मी मोजून लावले होते.

आता ती गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे जायला दोन रस्ते होते. एक डांबरी, लांबचा. दुसरा खडीचा, जवळचा आणि निर्जन. दुपारी त्या वाटेवर यजमान म्हणाले, "जरा थांब, पाठीत भरल्यासारखं झालंय." मी त्यांना झाडाखाली निजवले, पाणी दिले आणि मदत आणायला एकटी खाली गेले. जायला-यायला मिळून दोन तास लागले. मी माणसे घेऊन परतले तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याला वाटले, निर्जन वाटांचे वेड वडिलांचे, ती वाट त्यांनीच धरली. "बाबांना कुठे थांबायचं ते कधी कळलंच नाही," असे तो बाराव्या दिवशी म्हणाला आणि मी गप्प बसले. मग गप्पच राहिले.

वाट मी निवडली होती. ते म्हणाले होते, "आज डांबरी रस्त्यानं जाऊ या का?" मी म्हटले, "तिकडून गेलं तर अंधार होईल." एवढेच बोलणे झाले.

घरी परतल्यावर मी गाडी धुतली, तेल बदलले आणि स्प्रिंग आहे तशी ठेवली. जन्मभर दुसऱ्यांची चुकलेली मापे परत पाठवणारी मी, आठ वर्षे दोघांच्या मापावर एकटी हिंडले. गाडी मागून दगडासारखी कडक झाली होती. प्रत्येक खड्ड्यात उडायची, एकदा तिने मला फेकून गळपट्टीचे हाड मोडले. मिस्त्री म्हणाला, "ताई, स्प्रिंग सैल करू का?" मी म्हटले, "हात लावायचा नाही."

सून रुग्णालयात क्ष-किरणाचे फोटो काढते. माझ्या हाडाचा फोटो तिनेच काढला. लग्नाला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि आमचे बोलणे भाजी-दुधापुरते होते. दोष बराचसा माझा. हाड जुळले तशी ती एका रविवारी गाडीच्या खोलीत आली, मागून गाडी दाबून पाहिली आणि म्हणाली, "आई, ही दोघांवर लावलीय. तुम्ही तर एकट्याच जाता."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"फारसं नाही. पण हाडं तुमचीच मोडतायत." मग म्हणाली, "सैल करायची नसेल तर राहू द्या. मी बसते मागे. मग माप बरोबर होईल."

ती बसली. माप बरोबर झाले. त्या दिवशी आम्ही फार लांब गेलो नाही. पुढच्या रविवारी तीच हेल्मेट घेऊन तयार होती. सहा महिन्यांनी मी तिला पुढे बसवले. बंद पडलेल्या खाणीच्या मैदानावर ती बावीस वेळा पडली आणि गाडी तिने तेवीस वेळा उचलली, कारण एकदा मीही पडले होते. मुलगा विचारायचा, "भाजी आणायला तीन तास?" ती म्हणायची, "आई पारखून घेतात." खोटे तिने सांगितले, शिकवले मी. तेव्हा राग असेल तर अर्धा माझ्याकडे पाठवावा. गेल्या हिवाळ्यात स्प्रिंग सैल केली तीही तिनेच; मी टॉर्च धरून उभी होते.

आता तिला त्या डोंगरापलीकडे एकटीने जायचे आहे. पाच दिवस. ती त्यासाठी तयार आहे. हे मत आईचे नसून तपासनिसाचे आहे. गाडी मात्र तिच्या अंगावर नव्याने बेतावी: ती माझ्याहून उंच आहे, सीटमध्ये फोम परत भरावा, हँडल आणखी दोन बोटे वर, खडीवर उतरताना चाकांतली हवा कमी, डांबरावर आल्यावर पुन्हा भरावी, कंटाळा करू नये. कुठली वाट धरायची ते तिने ठरवावे. सोबत कोणी असेल आणि तो दुसरी वाट म्हणाला, तर तिने निदान एकदा "का?" असे विचारावे. मी विचारले नव्हते.

७. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी मुलाला नेमते. मोटरसायकलची चावी त्याने स्वतः सुनेच्या हातात द्यावी, टेबलावर ठेवून जाऊ नये. ती निघेल त्या दिवशी "जाऊ नकोस" म्हणू नये. "कधी येशील?" असे विचारावे. तिने खरा दिवस सांगावा.

इथवर लिहून झाले तेव्हा मुलगा दारात उभा होता.

"अजून लिहितेसच? बाहेर डॉक्टर आलेत."

मी सहावे आणि सातवे कलम त्याच्या हातात दिले. तो उभ्यानेच वाचत राहिला. एक पान त्याने दोनदा वाचले.

"डांबरी रस्ता बाबा म्हणाले होते?"

"हो."

"अकरा वर्षं मला त्यांचा राग येत होता, आई."

"माहीत आहे. आता माझा येऊ दे."

त्याने कागद नीट जुळवून माझ्यासमोर ठेवले. साक्षीदार म्हणून सही करू का, असे त्याने विचारले. मी म्हटले, तू तिचा नवरा, नवऱ्याने साक्ष केली तर बायकोचे दान रद्द होते, वकिलांना विचार. "म्हणजे मला रद्द करायचं असेल तर नुसती सही पुरे," तो म्हणाला. पेन टेबलावरच होते. त्याने ते उचलले, टोपण लावले आणि माझ्याकडे दिले. मग बाहेर गेला आणि साक्षीदारांसाठी दोन खुर्च्या घेऊन आला. पुसून आणल्या होत्या.

हा मजकूरही मृत्युपत्राचाच भाग समजावा. वरील सर्व मी वाचले, ते खरे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करीत आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: कुटुंबाचे डॉक्टर. (सही करणारी पूर्ण शुद्धीवर असून नाडी नेहमीपेक्षा बरी आहे.)

साक्षीदार दुसरे: शेजारी, निवृत्त ग्रंथपाल. (कलम पाचमधील शुद्धलेखनाविषयीचे विधान वगळून सही.)

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: नऊ जून, सोमवार, सकाळी साडेअकरा