आमचा नसलेला पेला

३ सप्टेंबर, बुधवार

सासूबाईंची बॅग शेवटी आज रिकामी झाली. भाजणी, मेतकूट, लेकीला, रेवाला, दोन फ्रॉक (चार वर्षांपूर्वी झाले असते), आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मला वाटलं लाडू. आत हिल्डाबाई.

म्हणजे त्यांचा रद्द झालेला जर्मन पासपोर्ट, पत्रांचा गठ्ठा, थोडे फोटो आणि एक चांदीचा पेला. लग्न झाल्यापासून हे नाव ऐकतेय. माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, आजीकडे पुण्यात नारायण पेठेत वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायच्या. ज्यू, मूळच्या इथल्या, जर्मनीतल्या फ्युर्थच्या, हिटलरच्या काळात निसटून पुण्यात आलेल्या. फोटो स्टुडिओत निगेटिव्ह सुधारायचं काम करायच्या. युद्धानंतर ऑस्ट्रेलियाला गेल्या, डबा आजींकडे ठेवून. "पत्ता कळवते, मग पाठवा." पत्ता आला नाही. आजींनी डबा आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, स्वाधीन केला, आणि आम्ही राहतो तिथून फ्युर्थ अर्ध्या तासावर आहे हे कळल्यावर आईंनी परस्पर ठरवून टाकलं.

"पोचवायचा आहे," म्हणाल्या. कुठे, कुणाकडे, ते सूनबाई बघतील. अर्थात.

आईंचं परतीचं तिकीट २८ चं. माझ्या ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीजही त्याच आठवड्यात.

६ सप्टेंबर, शनिवार

एक आर्काईव्ह सापडलं, त्या काळातल्या ज्यू घरांचे कागद आणि वस्तू जपणारं. मेल टाकला तर दुसऱ्या दिवशी उत्तर. या देशात दातांच्या डॉक्टरचा टेर्मिन (अपॉइंटमेंट) मला तीन महिन्यांनी मिळतो. फ्राउ लिंडनर म्हणून कुणी आहेत, मंगळवारी बोलावलंय. मेलच्या शेवटी ठळक अक्षरांत: कृपया काहीही स्वच्छ करू नका.

आईंना वाचून दाखवलं. "म्हणजे काळाकुट्ट पेला द्यायचा? काय म्हणतील लोक, शेवड्यांकडे साधी चिंच नव्हती?"

चिंच माझ्या कपाटात लपवली आहे. वय ४३, हुद्दा टीम लीड.

९ सप्टेंबर, मंगळवार

अर्धी रजा. आमच्या हेर्त्सोगेनआउराखला ट्रेन नाही, म्हणून बस, एर्लांगेनला ट्रेन, मग परत बस. आईंची ठेवणीतली साडी, खाली आउटलेटमधले स्पोर्ट्स शूज, मांडीवर डबा. मंदार मीटिंगमध्ये. तो नेहमीच मीटिंगमध्ये असतो.

लिंडनरबाई पन्नाशीच्या, हळू आवाजाच्या, दर वाक्याला आल्झो, म्हणजे आपलं ‘तर’. त्यांनी पासपोर्ट उघडला. पहिल्या पानावर ज्यू म्हणून तांबडा ‘जे’, खाली नाव हिल्डा सारा. आई लगेच, "सारा म्हटलेलं त्यांना खपायचं नाही हं. सासूबाई सांगायच्या. ते सरकारने घुसडलेलं नाव." मी भाषांतर केलं. "गेनाऊ," अगदी बरोबर, बाई म्हणाल्या. सगळ्याच ज्यू बायकांच्या नावात घुसडलं होतं, आणि त्या आपल्या नोंदीत ते लावत नाहीत. मग दोघी एकमेकींकडे बघून माना हलवत राहिल्या. मला वाटलं, चला, झालं काम, अकराच्या कॉलला पोचते.

मग बाईंनी पेला उचलला आणि आतून साखर सांडली. टेबलावर, हातमोज्यांवर, पत्रांवर.

"भांडं परत करताना रिकामं देतात का कधी?" हे आई मला विचारताहेत.

साखर म्हणजे मुंग्या, किडे, कागदाचा सत्यानाश. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त झालं. मऊ ब्रश घेतला आणि एकेक पत्र झटकत बसल्या. अकराचा कॉल गेला.

पेल्याच्या एका बाजूला हिब्रू अक्षरं. शुक्रवारी संध्याकाळी घरी प्रार्थना म्हणून यातून वाइन घेतात, त्याचा हा पेला. दुसऱ्या बाजूला ठिपक्याठिपक्यांचं देवनागरी. "इथे काय आहे?" बाईंनी विचारलं.

‘सौ. शालिनी शेवडे.’ मंदारच्या आजीचं नाव.

"अच्छा, म्हणजे त्यांना भेट दिलेला."

"नाही नाही," आई. मंदारच्या आत्याचं लग्न निघालं होतं. लग्नघरात चार घरची भांडी एकत्र होतात, म्हणून आधी नाव घालणाऱ्याला बसवलं. कुणीतरी कपाटातली सगळी भांडी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने समोर आलं त्यावर घातलं. हे सगळं मी जर्मनमध्ये सांगितलं. लग्नाआधी एक माणूस घरी येतो आणि भांड्यांवर नाव खोदतो. बाईंनी सगळं लिहून घेतलं, जराही न हसता.

शेवटी देणगीचा करार पुढे आला. पहिलंच वाक्य: ‘मी या वस्तूंची मालक आहे आणि त्या आर्काईव्हला भेट देत आहे.’

आईंनी पेन खाली ठेवलं. "मी मालक नाही. ठेव आहे ही. दुसऱ्याची वस्तू मी भेट कशी देणार?"

सही नाही तर वस्तू ठेवून घेता येत नाही. डबा मांडीवर घेऊन परत.

१० सप्टेंबर, बुधवार

मंदारने रात्री जेवताना समजावलं. "आई, फॉर्मॅलिटी आहे. कर सही, विषय संपव."

"तू ऑफिसात करत असशील अशा सह्या."

पोळी अर्धी टाकून आत गेला. मग रात्रभर दोघांचे निरोप माझ्यामार्फत. त्यांना सांग, त्याला सांग. एकच हॉल आहे आमचा, एकमेकांना दिसतात दोघं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिंडनरबाईंशी फोन. देणगी नको तर डेपोझिटुम म्हणून ठेवता येईल का, म्हणजे वस्तू तिथे, मालकी तुमची. मी आनंदाने आईंना सांगितलं. "मालकी आमची? परत तेच."

परत फोन. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं तुमच्याकडे आहे, त्यावर तुमच्या घरातलं नाव आहे, कायद्याने बहुधा तुम्हीच मालक ठराल. आर्काईव्हला काही अडचण नाही. पण त्या काळात लुटलेल्या वस्तू इतक्या घरांतून निघतात की कुणाकडे कशी आली हे विचारल्याशिवाय ते काही घेत नाहीत.

हे मी भाषांतर करायला नको होतं. लुटलेल्या हा शब्द तर नकोच होता. केलं.

आईंनी दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. संध्याकाळी एवढंच, "एकदासुद्धा वापरला नाही ग आम्ही. पेले कमी पडले तरी शेजारून आणायचो."

मला त्यांचाही राग येतो, लिं.बाईंचाही. दोघी बरोबर आहेत आणि मध्ये मी.

१७ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसातून आले तर स्वयंपाकघरात खर्र खर्र. आई ओट्यापाशी, चष्मा नाकावर, हातात पेला, मंदारच्या हत्यारांच्या ड्रॉवरमधला पॉलिश पेपर. नाव घासून काढत होत्या. ‘सौ.’ निम्मं गेलेलं.

मी हातातून ओढलाच पेला. आजवर त्यांच्याशी अशी वागले नव्हते. "अहो आई, काय करताय काय!"

"काढते नाव. नाव गेलं की त्यांचा होईल. मग देता येईल."

मी म्हटलं पुरावा गेला तर ते अजून शंका घेतील, मी म्हटलं चांदी झिजेल, मी काय काय म्हटलं. त्या रडत होत्या. मी त्यांना फक्त मामंजी गेले तेव्हा रडताना पाहिलंय.

"तिकडच्यांनी त्या बाईच्या नावात न विचारता नाव घुसडलं. इकडे आम्ही तिच्या पेल्यावर. फरक काय राहिला?"

"फरक आहे," मी म्हटलं. "खूप फरक आहे." पण नीट सांगता येईना. पॉलिश पेपर कचऱ्यात टाकला, मग चहा केला. रेवा दारात उभी राहून सगळं बघत होती. जर्मनमध्ये विचारलं, आजी का रडतेय. नंतर सांगते म्हटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

लिं.बाईंना खरं ते सांगितलं. ओरडतील वाटलं. त्या म्हणाल्या, कृपया आता हात लावू नका, आणि सासूबाईंना सांगा की ते नाव राहायला हवं होतं. पेला कुठे होता, कुणाच्या घरात सुरक्षित होता, हे त्या नावावरूनच तर कळतं.

आईंना सांगितलं. "हो का," म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या. पण रात्री पोटभर जेवल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

आईंनी मला लिहून घ्यायला बसवलं. मराठीत, त्यांच्या शब्दांत. ‘ही वस्तू आमची नाही. हिल्डाबाई ठेवून गेल्या. सासूबाईंनी सांभाळली, मग मी सांभाळली. नाव चुकून पडलं. आम्ही वापरली नाही. त्यांच्या माणसांना मिळावी.’ खाली सही, ठसठशीत. मी जर्मन भाषांतर जोडलं. मंदार म्हणाला, असल्या कागदाला इथे कोण विचारतो. त्याला म्हटलं तू गप्प बस.

२४ सप्टेंबर, बुधवार

रिलीज कोसळलं, त्याचा वेगळा ताप. त्यात दुपारी आर्काईव्हचं उत्तर. आईंचा कागद त्यांच्या वकिलांनी वाचला. स्वतःला मालक न म्हणणाऱ्याकडून देणगी घेता येत नाही, हे खरंच. पण आईंचं निवेदन ते नोंदीत घेणार, सगळ्या कागदांचं स्कॅनिंग करणार, आणि ऑस्ट्रेलियात वारस शोधणार. किती वेळ लागेल सांगता येत नाही. तोवर मूळ वस्तू जर्मनीत राहणाऱ्या एका व्यक्तीच्या नावे ताब्यात असावी, नाव-पत्ता कळवावा.

मी मेल मोठ्याने वाचला. वाचून संपायच्या आत कळलं की ती व्यक्ती कोण.

मंदारने मान डोलावली आणि लॅपटॉप उघडला.

२८ सप्टेंबर, रविवार

म्युनिकला विमानतळावर. बॅगेत जागा होती, मी मुद्दाम पाहिलं होतं. तरी शेवटचं विचारलं, डबा पुण्याला नेता का, वारस मिळाले की तिथून पाठवू.

"नाही ग. त्या वस्तू इथल्या, इथवर आल्या. माझं वय बघ. मी गेल्यावर पुण्यात कोण आहे? फ्लॅट विकतील हे लोक आणि डबा जाईल भंगारात." हे लोक म्हणजे त्यांचाच मुलगा, शेजारी ट्रॉली धरून उभा.

मी चिडले होते. इतके दिवस धावपळ केली ती काय डबा माझ्याच गळ्यात पडावा म्हणून? तसं म्हणालेही, थोडं सौम्य करून. आईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मीसुद्धा अशीच चिडले होते. नवीन लग्न झालेलं, घरात कपाट एक, आणि त्यात ह्या डब्याला जागा." मग सिक्युरिटीत गेल्या. वळून पाहिलं नाही, घड्याळ-बांगड्या काढायच्या गडबडीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कागद स्कॅन होऊन परत आले. डबा माझ्या कपाटात, वरच्या खणात. काल रेवाच्या मैत्रिणीने लपाछपी खेळताना झाकणाला हात लावला तर मी अशी ओरडले की ती पोर घाबरून गेली. तिच्या आईला मेसेज टाकून माफी मागितली. काय सांगणार तिला, की कपाटात दुसऱ्यांची वस्तू आहे?

आर्काईव्हचा फॉर्म भरायला बसले. ताब्यात ठेवणाऱ्याचं नाव: माझं. पत्ता: आमचा. पुढे ‘मूळ मालकाशी नातं.’ पर्यायांत मुलगा-मुलगी, नातवंड, वारस, वकील, इतर. इतर दाबलं तर खुलासा मागतं.

आईंना फोन लावला. "लिही, आपल्याकडे राहायच्या."

"ते नातं नाही होत आई. आणि माझ्याकडे कुठे राहायच्या? मी त्यांना बघितलंसुद्धा नाही."

"मी तरी कुठे बघितलं?" म्हणाल्या. मग म्हणाल्या कुकर झालाय, ठेवते.

भाडेकरू लिहिलं, खोडलं. ओळखीच्या लिहिलं, खोडलं. फ्युर्थच्या एका बाईची कोण मी, कोथरूडची? काही नाही सुचत. आणि काही नाही असं लिहायला हात धजेना, त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. कोरं ठेवून पाठवून दिलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लिं.बाईंचा फोन, मीटिंगच्या मधोमध. ऑस्ट्रेलियातून अजून काही नाही. आणि तो रकाना कोरा चालत नाही, त्यांचा कॉम्प्युटर नोंद पुढे जाऊ देत नाही.

मी विचारलं, तुम्हीच सांगा, अशा वेळी लोक काय लिहितात?

"मला माहीत नाही," म्हणाल्या. "बहुतेक लोक पहिल्याच भेटीत सही करतात."

शुक्रवारपर्यंत कळवते म्हटलं.