अख्ख्या गावाचा मामा

४ फेब्रुवारी, गाव
सासरे परवा गेले. सगळे आबासाहेब म्हणायचे, मीही. माणूस वाईट नव्हता, नुसता आळशी. भावकी गाड्या घेऊन रडायला आली आणि कुणाची गाडी मोठी ते बघत उभी राहिली. जहागीर कधीच गेली, तरी आबासाहेबांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, अजून फोटो काढून घेतल्यासारखे बसतात.
तेराव्याला वि.ला पागोटं बांधायचं. थोरला मुलगा, माझा नवरा. मला त्याचं काही नाही, पण त्याला हवंय. बोलत नाही, तरी कळतं. यांच्यात पागोटं मुलाच्या मामानं बांधायचं. मगच तो घरचा कर्ता.

५ फेब्रु.
पाचगणीच्या मामांचा फोन. आईसाहेबांचे, म्हणजे सासूबाईंचे भाऊ. हॉटेलवाले. गुडघे दुखतात, येणं जमणार नाही. हेच गुडघे घेऊन मागच्या महिन्यात लग्नात नाचले. व्हिडिओ आहे माझ्याकडे.
काका खुशीत. "मामाच न्हाई, तर पागोटं बांधणार कोण? तसंच असंल तर आमच्या पृथ्वीला..." पृथ्वी म्हणजे त्यांचा मुलगा. पुढचं ऐकायला थांबले नाही.

७ फेब्रु.
जुनं प्रकरण वर आलंच. वि. आईसाहेबांच्या पोटचा नाही, स्वयंपाकघरातल्या सोनाबाईचा, असं गाव म्हणतं. लग्न ठरताना बाबांच्याही कानावर कुणीतरी घातलं होतं. बाबांनी विचारलं, मुलगा पितो का? नाही? मग झालं. आम्ही सांगलीचे जैन, हळदीचे व्यापारी. माल बघतो, पोत्यावरचा शिक्का नाही.
गंमत अशी की बापाबद्दल कुणालाच शंका नाही. आबासाहेबांचं नाक वि.च्या तोंडावर हजर आहे. शंका आईबद्दल. हे उलटं यांच्यातच.
काकू चहा पिताना हळूच म्हणाल्या, "कडू." लग्नाच्या बायकोचं नसलेल्या पोराला यांच्यात कडू म्हणतात. नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं चहाला म्हणतायत, म्हणून साखर आणून दिली होती. आज अर्थ माहीत होता. तरी साखर आणून दिली. चमच्यासकट.

९ फेब्रु.
वि.ला विचारलं, तुला काय वाटतं? म्हणे, काही नाही. मग आपणहून बोलला.
सोनाबाईचा भाऊ हणमंता. कुपवाडला कारखान्यात होता, आता रिटायर, घर तिथंच. गावातलं शेंबडं पोर त्याला मामा म्हणतं, सरपंचसुद्धा म्हणतो. वि. लहानपणी एकदाच म्हणाला. आबासाहेबांनी मुस्काटात दिली. एरवी कधी हात न उगारणारा माणूस! "हणमंता म्हणायचं." तेव्हापासून हणमंता.
अख्ख्या गावाचा मामा, फक्त याचाच नाही. एवढं सांगून गाडी पुसायला गेला. गाडी स्वच्छ होती.

११ फेब्रु.
काकांचं आज रक्तावर भाषण. आपलं रक्त, आपला वंश, शुद्ध. यांचे वडील म्हणजे आजेसासरे दुसऱ्या घरातून दत्तक आलेले, हे सोयीनं विसरतात. दत्तक आणलेला चालतो, घरात झालेला चालत नाही. धन्य आहे.
सोनाबाई दारातच भाजी निवडत होती. काका तिच्यादेखत बोलत होते. तिनं मान वर केली नाही. मी आत येऊन रडले. संतापानं, बाकी काही नाही. बाकीही असेल.

१४ फेब्रु.
तेरावा. पाचगणीकर नाहीत. वि. पाटावर बोडक्या डोक्यानं. पृथ्वीचा कुर्ता नवा, काकांच्या पिशवीतून फेट्याचं टोक बाहेर.
आईसाहेब खुर्चीतून बोलल्या, "हणमंता आलाय का?"
तो मागं, चपलांपाशी उभा. "व्हय, आईसाहेब."
"पुढं ये. फेटा आणलायस ना? बांध."
काका उठलेच. "वहिनीसाहेब, ह्यो कुणाचा मामा?"
"साऱ्या गावाचा. विक्रम गावातलाच ना?"
काका खाली बसले. हणमंताच्या हातून दोनदा पीळ सुटला. वि.नं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.
सोनाबाई आत पुऱ्या तळत होती. एक घाणा पार करपला. तो मी काकांच्या पानात वाढला.

१५ फेब्रु.
आईसाहेबांना सरळ विचारलं, खरं काय? म्हणाल्या, "पागोटं नीट बसलं होतं का, तेवढं सांग."
पाचगणीचे मामा आज आले. गुडघे बरे. जरीचा फेटा घेऊन! आता कपाटात दोन पागोटी. निम्मी भावकी म्हणते, बघा, कडू ठरला. निम्मी म्हणते, छे, गावाचा मामा तो, यातून काय ठरतं? गाड्या एकदाच्या गेल्या.

२० फेब्रु., सांगली
घरी. सकाळी हणमंताचा फोन, कुपवाडला जेवायला या, सोना पण येणार हाय. स्पीकरवर होता, मग वि.नं कानाला लावला.
"हो. येतो रविवारी. हो, मा..."
आणि ठसका लागला. मी पाणी दिलं. प्यायला नाही. ठसका खोटा होता. फोन कानालाच. पलीकडूनही कुणी ठेवत नव्हतं.