चार्जिंगचा तांबडा दिवा

नामपूर, ता. ४ नोव्हेंबर १९९७
आज सकाळी हिरामण शेठ यांजकडे ड्रायव्हर म्हणून रुजू झालो. मन अत्यंत प्रसन्न आहे. शेठजींचा कांद्याचा व्यापार मोठा आहे. त्यांच्या पत्नी सुलाबाई यांनी चहा दिला, आणि या वयात नोकरी कशाला, नातवंडं खेळवायची सोडून, असे हसून विचारले. मीही हसलो.
गाडी पांढरी अँबेसेडर, पेट्रोलवर चालणारी. मी आयुष्यभर वनखात्याची जीप चालवली. शिक्षण इयत्ता चौथी. तथापि माझ्या हातून गाडी कधी वाटेत बंद पडली नाही व भाषा कधी अशुद्ध झाली नाही.
गाव विचारले असता पेठ सांगितले. ते असत्य आहे. मी सुरगाण्याकडचा. शेठजींचा पूर्वीचा ड्रायव्हर मंगळू हा माझा एकुलता मुलगा. त्याच्या अंत्यविधीस शेठजी फिरकले नाहीत, म्हणून त्यांनी माझे तोंड पाहिलेले नाही. याचसाठी मन प्रसन्न आहे.

ता. ७ नोव्हेंबर
शेठजी लिलावात आहेत. मी नेहमीप्रमाणे गाडीत बसून लिहीत आहे.
मंगळूने कळवणच्या दवाखान्यात शुद्ध असेतो जे सांगितले ते असे. याच गाडीच्या डॅशबोर्डावरील बॅटरीचा तांबडा दिवा बरेच दिवस पेटत होता. पट्टा सैल आहे, डायनमो चार्ज करीत नाही, गाडी घाटात नेऊ नये, असे त्याने शेठजींस विनवले. शेठजी म्हणाले, दिवा जळस ते जळू दे, गाडी चालस ना. देवीच्या गडाच्या घाटात बॅटरी संपून इंजिन बंद पडले. शेठजी स्वतः स्टिअरिंगवर बसले व मंगळूस मागून ढकलावयास लावले. चाकामागे दगड नाही. त्यांचा ब्रेकवरील पाय सुटला आणि गाडी मागे आली.
नंतर शेठजींनी सर्वत्र सांगितले की मंगळू प्यालेला होता. माझ्या मुलाने ताडीसुद्धा कधी चाखली नाही.
माझा बेत सरळ आहे. पट्टा मी स्वतः सैल करीन. गाडी त्याच घाटात बंद पडेल. स्टिअरिंगवर मी असेन आणि मागे शेठजी असतील.

ता. १२ नोव्हेंबर
चमत्कारिक गोष्ट घडली. मी पट्ट्यास अद्याप हात लावलेला नसता तांबडा दिवा पेटला आहे. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, ताठ आहे. बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरी भुकटी होती, ती गरम पाण्याने धुऊन काढली. अर्थिंगची तार घट्ट केली. दिवा तसाच.
दिवा माझ्या आज्ञेत राहिला पाहिजे. अन्यथा बॅटरी भलत्याच ठिकाणी संपेल आणि बेत फसेल.

ता. १८ नोव्हेंबर
मालेगावास इलियास मिस्त्रींकडे गाडी दाखविली. त्यांनी डायनमो उघडून कार्बन बदलले, मीटर लावला आणि म्हणाले, चचा, चार्जिंग तो एकदम बराबर आहे, अब बत्तीसे झगडा मत करो. अखेरीस त्यांनी दिव्याचा बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला.
परतताना मोसम पूल ओलांडला आणि रिकाम्या भोकातून तांबडा उजेड आला. बल्ब माझ्या खिशात होता.

ता. २३ नोव्हेंबर
आज शेठजी स्वतः गाडी घेऊन खळ्यावर गेले. निघताना मी मुद्दाम गाडीच्या खिडकीतून डोकावलो. दिवा विझलेला होता. ते परतल्यावर मी बसताच पेटला.
शेठजींसाठी पेटत नाही. माझ्यासाठी पेटतो.

ता. ३० नोव्हेंबर
रजा घेऊन घरी जाऊन आलो. आमच्यात अपघाती मेलेल्याचा चिरा बसवतात. त्या दगडापाशी त्याला जागा मिळते. मंगळूचा चिरा घडवून तयार आहे, परंतु हिरामण शेठ मेल्याशिवाय तो बसणार नाही, अशी मी पंचांसमक्ष शपथ घेतली आहे. पत्नी कुसाबाई रडून म्हणाली, पोराला टेकाया जागा नाय, तुझा राग काय पांघरू त्याला. सपनात येतो नि म्हणतो, बा मला बसू देत नाय. मी तिला गप्प केले. शपथ म्हणजे शपथ.

ता. ५ डिसेंबर
बॅटरीच काढून खोलीत आणली. गाडीत दिवा पेटलेला.
मागील आसनावर कोणी बसल्यासारखी स्प्रिंग दबते. पुन्हा उठते. पुन्हा दबते. बसता येत नसल्यासारखी.

ता. ९ डिसेंबर
शेठजी म्हणाले, बाबा तुम्ही वाळत चालले, डॉक्टरला दाखवा, पैसा मी देतो. हा मनुष्य माझ्याशी गोड बोलतो. माझ्या मुलास दारुडा म्हणतो.
पौर्णिमेस गडावर जावयाचे ठरले. दोघेच.

ता. १३ डिसेंबर
पट्टा सैल केला.
आरशात मागे तो होता. मी म्हणालो, मंगळू, उद्या. त्याने मान हलवली. होकाराची नव्हे.

ता. १४ डिसेंबर, गडाचा घाट
भर दुपार. इंजिन त्याच वळणावर बंद पडले. पुढे कठडा नाही, थेट दरी. मी ढकलावयास सांगितले; शेठजी उतरले, मागे गेले. हात डिकीवर. माझा पाय ब्रेकवर. सोडला की संपले.
लिहून ठेवतो, म्हणजे लोकांना कळावे की मी—
आरशात दोघे आहेत. मंगळू शेठजींच्या पुढे उभा. गाडी मागे आली तर आधी त्याच्या अंगावर—
बाजूला हो म्हणतो. होत नाही. शेठजींकडे पाहतही नाही. माझ्याकडे पाहतो.
पाय ब्रेकवरच आहे. गाडी हलते आहे. मागे नव्हे. पुढे, चढावर.
शेठजी केव्हाच हात सोडून रस्त्याकडेला उभे राहिले, ओरडत आहेत, बाबा उडी मारा. दार उघडत नाही. तो ढकलतो आहे. लहानपणी फळीचा झोपाळा ढकलायचा तसा दोन्ही हातांनी—
मंगळू, चिरा बसवतो. उद्याच बसवतो. शपथ सोडली, ऐक, शपथ सोड—